जिरावर एआयकडून ऑटोमेशन लावताय? या चुका टाळा

जिरा म्हणजे टीमची कामं आणि तक्रारी 'टिकिटं' करून बोर्डावर मांडणारं सॉफ्टवेअर. त्यात आता ऑटोमेशनचा, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणारा, नियम हाताने जुळवत बसावं लागत नाही. काय हवं ते साध्या वाक्यात लिहायचं, ट्रिगर (कधी), कंडिशन (कुठल्या अटीवर) आणि अ‍ॅक्शन (काय करायचं) एआय मांडून देतं. सोय चांगली आहे, मीही वापरतो. पण ती आल्यापासून "अरे, बोर्डाचं काहीतरी झालंय, जरा बघतोस का?" असे फोन वाढलेत, आणि बघायला गेलं की घोळ तोच.

तयार झालेला नियम न वाचता चालू करणं. ही सगळ्यात मोठी चूक. एका सपोर्ट टीममध्ये नव्याने आलेल्या स्क्रम मास्टरने (टीमचं काम सुरळीत चालवणारा) शुक्रवारी निघता निघता एआयला सांगितलं: दोन आठवड्यांपेक्षा जुनी, न संपलेली टिकिटं रोज रात्री बंद कर आणि ग्राहकाला तसं कळव. नियम झटक्यात तयार झाला आणि पठ्ठ्याने तो चालू करून बस पकडली.

आता 'जुनं' म्हणजे काय? चौदा दिवसांत कुणी हातच लावला नाही ते, की चौदा दिवसांपूर्वी उघडलं ते? त्याच्या मनात पहिलं होतं. नियमातल्या जेक्यूएलच्या (जिरातली टिकिटं शोधायची भाषा) ओळीत 'अपडेटेड' ऐवजी 'क्रिएटेड' होतं. एका शब्दाचा फरक, पण ज्या टिकिटावर डेव्हलपरने त्याच दुपारी कॉमेंट टाकली होती तेही रात्री बंद झालं. शनिवारी सकाळी ग्राहकांच्या इनबॉक्समध्ये "आपली तक्रार बंद करण्यात आली आहे". ज्यांचे पैसे अडकले होते त्यांनी मग कुणाकुणाला फोन केले असतील, ते सांगायला नको.

निस्तरणं त्याहून किचकट. बल्क चेंजने (अनेक टिकिटं एकदम बदलायची सोय) सगळी टिकिटं पुन्हा उघडता येतात, पण कुठलं 'इन प्रोग्रेस'मध्ये होतं आणि कुठलं 'वेटिंग फॉर कस्टमर'मध्ये, हे बोर्ड सांगत नाही. ते हिस्टरीत असतं. म्हणून जेक्यूएलमध्ये 'वॉज' आणि 'ऑन' लावून शुक्रवारी ज्या त्या स्टेटसला काय होतं त्याच्या याद्या काढल्या आणि एकेक यादी जागेवर नेली. बल्क चेंज करताना मेल पाठवण्याची खूण आठवणीने काढायची, नाहीतर मेलचा दुसरा लोंढा. तरी बरीच टिकिटं खोडल्यासारखीच दिसत होती, कारण बंद होताना भरलेलं 'रिझोल्यूशन' (टिकिट कसं संपलं ते सांगणारं फील्ड) कुणी पुसलंच नव्हतं. ते पुसेपर्यंत रिपोर्टमध्ये टिकिट संपलेलंच धरतात.

माझी सवय सांगतो. एआयने लिहिलेली जेक्यूएलची ओळ मी आधी साध्या सर्चमध्ये चालवतो आणि आलेली यादी डोळ्यांखालून घालतो. मग खऱ्या अ‍ॅक्शनच्या जागी फक्त लॉग अ‍ॅक्शन (नुसती नोंद करणारी) ठेवून नियम दोन-तीन दिवस फिरू देतो आणि ऑडिट लॉग, म्हणजे नियमाच्या नोंदी, वाचतो. आणि शुक्रवारी काहीही चालू करत नाही. "एवढा वेळ कुणाला आहे?" असं विचारणाऱ्यांचा शनिवार मी पाहिलाय.

रिकाम्या फील्डचा सापळा. हा जुनाच, पण आता जास्त लोक अडकतात, कारण जेक्यूएल कुणी स्वतः लिहीत नाही. 'होल्ड' हे लेबल नसलेली सगळी टिकिटं हवी असतात. एआय लिहून देतं, लेबल 'होल्ड'च्या बरोबर नाही. वाचायला अगदी बरोबर. पण जिरात या अटीतून ज्यांना लेबलच नाही अशी टिकिटं गळतात, आणि बहुतेक बोर्डांवर तीच जास्त असतात. नियम फेल होत नाही, लाल काही दिसत नाही, रोज हिरवी खूण येते आणि निम्मं काम तसंच पडून. असाइनीचंही (टिकिट ज्याच्याकडे दिलंय तो) तेच: 'अमुक सोडून सगळे' म्हटलं की कुणालाच न दिलेली टिकिटं बाहेर. 'किंवा रिकामं असेल' ही अट हाताने जोडा. नकारार्थी अट दिसली की मी आधी तिथेच थांबतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

प्रायॉरिटी एआयला ठरवू देणं. ग्राहक लोगोचा रंग बदलायलाही "अर्जंट" लिहितात. मजकूर वाचून ठरवायचं तर आठवड्यात सगळा बोर्ड 'हायेस्ट'. सुचवू द्या, पण ठरवणारा माणूसच हवा.

एका नियमाने दुसरा नियम सुरू होऊ देण्याची जी खूण असते, ती मुळात बंद असते. 'नियम चालत नाहीये' म्हणून कंटाळून ती चालू करू नका. दोन नियम एकमेकांना ढकलत बसतात.

जिथे साधी 'स्टेटस बदललं तर' अट पुरते तिथे एआय घुसवणं. हौस आहे, दुसरं काही नाही.

फ्री प्लॅनवर महिन्याला 100 रन (नियम चालण्याच्या खेपा) मिळतात हे विसरून प्रत्येक कॉमेंटवर नियम लावणं.

आणि नियमाचा ओनर. तो नोकरी सोडून गेला की नियम फेल झाल्याचे मेल त्याच्या बंद पडलेल्या पत्त्यावर जात राहतात. एचआरच्या एक्झिट यादीत लॅपटॉप आणि आयडी कार्डाखाली 'जिराच्या नियमांचा ओनर बदलला का?' ही ओळ टाकून घ्या.