स्क्वाड्रनमधील जुन्या सोबत्यांचा शोध कसा घ्यावा

हवाई दलातून निवृत्त होऊन वीस-पंचवीस वर्षे लोटली, की स्क्वाड्रनमधील, म्हणजे विमानांच्या तुकडीतील, सोबत्यांची ओढ लागते आणि बहुतेक जण प्रथम जुन्या तळावर चौकशी करतात. तेथे सहसा काही हाती लागत नाही, कारण स्क्वाड्रन एका जागी राहत नाही. ‘गोल्डन अ‍ॅरोज’ ही १७ क्रमांकाची स्क्वाड्रन मिग-२१ विमानांसह भटिंड्याजवळच्या भिसियाना तळावर होती. २०१६ मध्ये ती बंद झाली आणि २०१९ मध्ये राफेल विमानांसाठी तोच क्रमांक अंबाल्याला पुन्हा उभा राहिला. आजच्या स्क्वाड्रनला तुमच्या काळातील माणसे ठाऊक नसणे स्वाभाविक आहे. म्हणून शोध तळाचा न घेता माणसाचा घ्यावा.

त्यासाठी आधी कागद घेऊन बसावे. सोबत्याचे नाव, ट्रेड (कामाचा प्रकार), सेक्शन, प्रशिक्षणातील एंट्री (बॅच), एकत्र असल्याची वर्षे, कोणाची बदली कोठे झाली, गाव किंवा निदान जिल्हा, जे जे आठवेल ते लिहून काढावे. नावाच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. एकाच सेक्शनमध्ये तीन शर्मा असत, दक्षिणेकडील सोबत्यांच्या नावामागे आडनावाऐवजी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असे, आणि बिलेटमध्ये (राहण्याच्या बराकीत) ज्या नावाने आपण हाक मारत होतो ते नाव कोणत्याही नोंदीत सापडत नाही. मी एका आर्मररला (विमानावरील शस्त्रे सांभाळणाऱ्याला) कित्येक वर्षे टोपणनावानेच शोधत होतो. जुन्या ग्रुप फोटोखालच्या नावांच्या ओळीने त्याचे खरे नाव दिले, तेव्हा कोठे शोध पुढे सरकला. सर्व्हिस नंबर ठाऊक असेल तर उत्तमच, कारण दोन माणसांचे नाव एक असू शकते, नंबर नाही.

यानंतर एअर फोर्स असोसिएशन या हवाई दलातील माजी सैनिकांच्या संघटनेकडे वळावे. १९८० मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेचे मुख्य कार्यालय दिल्लीत आहे, राज्यांत तिच्या शाखा आहेत, आणि अधिकारी व एअरमन (हवाई दलातील जवान) दोघांनाही सदस्यत्व मिळते. स्वतः सदस्य व्हावे आणि सोबत्याच्या राज्यातील शाखेला पत्र लिहावे. त्याचा फोन क्रमांक मागू नये. दुसऱ्याची खासगी माहिती कोणतीही जबाबदार संस्था देणार नाही, आणि देऊही नये. त्याऐवजी तुमचे पत्र व तुमचा क्रमांक त्याच्यापर्यंत पोहोचवावा, अशी विनंती करावी. उत्तर द्यायचे की नाही, हे त्याच्यावर सोडलेले बरे. हीच विनंती त्याच्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयालाही करता येते, कारण माजी सैनिकांची नोंदणी तेथे होते.

लष्कराच्या रणगाडा दलात (आर्मर्ड कोअर) किंवा इंजिनिअर्समध्येही (सॅपर्स) स्क्वाड्रन असतात. त्या सोबत्यांसाठी आपापल्या रेजिमेंटल सेंटरशी पत्रव्यवहार करावा. बॉम्बे सॅपर्सचे केंद्र खडकीला, तर आर्मर्ड कोअरचे अहिल्यानगरला आहे.

प्रत्यक्ष भेटीगाठींनाही पर्याय नाही. फील्ड मार्शल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ रोजी निवृत्त झाले, त्या स्मरणार्थ १४ जानेवारीला माजी सैनिक दिन पाळला जातो. त्या निमित्ताने होणाऱ्या मेळाव्याला आपली यादी घेऊन जावे. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमध्ये किंवा कॅन्टीनच्या रांगेत शेजारच्याला ‘कोणत्या ट्रेडचे?’ एवढे विचारले तरी धागा जुळतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उपयोगी पडतात, मात्र पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश), आधार किंवा बँकेचा तपशील तेथे कोणालाही देऊ नये आणि नव्या माणसाची ओळख एकत्र नोकरी केलेल्या दुसऱ्या कोणाकडून तरी पटवून घ्यावी.

पहिला फोन करताना मनाची तयारी ठेवावी. पलीकडून वहिनी बोलतील आणि सोबती आता नाही, असे सांगतील. तेव्हा घाईने फोन ठेवू नये. तो सेक्शनमध्ये कसा होता, काय काम करायचा, हे त्यांना सांगावे. घरच्यांनी ते बहुधा कधी ऐकलेले नसते. कुटुंब निवृत्तिवेतनाची काही अडचण आहे का, हे विचारावे, असल्यास शाखेला कळवू का, अशी परवानगी घ्यावी, आणि तुमच्याकडील फोटोची प्रत मागे तळ व वर्ष लिहून त्यांना पाठवावी.