चावीच्या आणि ऑटोमॅटिक घड्याळासाठी छोटं वर्कशॉप कसं निवडावं

घड्याळाच्या मशीनवर झालेलं काम गिऱ्हाइकाला दिसत नाही. मागचं झाकण बंद झालं की तेल कुठे आणि किती पडलं, मशीन खरंच सुटं केलं की नुसतं द्रावणात बुडवून काढलं, हे बाहेरून कळत नाही. घड्याळ महिनाभर वेळेवर चाललं हाही पुरावा नव्हे. रेग्युलेटर, म्हणजे वेग कमी-जास्त करणारी कळ, जरा सरकवला की सुकलेल्या तेलाचं घड्याळही वेळेवर येतं, आणि आतले पिव्हट, म्हणजे चाकांच्या दांड्यांची बारीक टोकं, मात्र झिजतच राहतात. म्हणून वर्कशॉप निवडताना दुकानाची सजावट किंवा शोकेसमधली घड्याळं पाहू नका. तिथला कारागीर काय मोजतो, काय लिहून ठेवतो आणि कोणत्या कामाला नाही म्हणतो, हे पाहा.

जाण्याआधी दोन-तीन दिवस घड्याळाचं वागणं टिपून ठेवा. रोज ठरलेल्या वेळी फोनच्या घड्याळाशी ताडा आणि किती सेकंद पुढे गेलं किंवा मागे पडलं ते लिहा. पूर्ण चावी दिल्यावर किती तास चालतं, कोणत्या स्थितीत बंद पडतं, हेही टिपा. याचा दुहेरी उपयोग होतो: निदान सोपं होतं आणि समोरच्याची पारखही होते. एरवी ठीक चालणारं घड्याळ अचानक रोज कित्येक मिनिटं पुढे जाऊ लागलं, तर पहिला संशय चुंबकत्वाचा. हेअरस्प्रिंगचे (मागे-पुढे झुलून वेळ राखणाऱ्या बॅलन्स चाकाच्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटतात आणि तिची कामाची लांबी कमी होते. हे घालवायला काही सेकंद पुरतात आणि मशीन उघडावंही लागत नाही. लक्षण ऐकताच, आधी चुंबकत्व न तपासता, पूर्ण सर्व्हिसिंगचा खर्च सांगणारा माणूस टाळा. रात्री दहा ते बाराच्या दरम्यान बंद पडणाऱ्या घड्याळात तारीख बदलण्याचा भार पेलण्याइतकी ताकद उरलेली नसते. उताणं ठेवलं की चालतं आणि उभं धरलं की थांबतं, अशा घड्याळात बॅलन्सच्या पिव्हटची तपासणी आधी व्हायला हवी.

पाणी शिरलं असेल तर मात्र निवडीत वेळ घालवू नका. पोलादी भागांवर गंज फार लवकर धरतो, त्यामुळे त्याच दिवशी मशीन उघडून वाळवू शकेल असा जवळचा जाणकार गाठा. हीटरवर किंवा उन्हात ठेवून घरी वाळवलं तर वाफ आतच फिरत राहते.

फोनवर विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न मशीनबद्दल. ब्रँडचं नाव पुरत नाही. शक्य असेल तर कॅलिबरचा, म्हणजे मशीनच्या मॉडेलचा, क्रमांक सांगा आणि याच मशीनवर नियमित काम होतं का ते विचारा. ईटीए २८२४-२ किंवा सेइको ७एस२६ अशी ऑटोमॅटिक मशीनं चांगली हाताळणाऱ्याला क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) जमेलच असं नाही. ते वेगळं कौशल्य आहे. “हे आम्ही करत नाही, अमक्याकडे न्या” असं सरळ सांगणारं वर्कशॉप पुढच्या कामासाठी लक्षात ठेवा.

दुसरा प्रश्न: “सर्व्हिसिंगमध्ये नेमकं काय करता?” उत्तरात मशीन पूर्ण सुटं करणं, सगळे भाग स्वच्छतेच्या यंत्रातून काढणं, पिव्हट आणि ज्वेल (पिव्हट ज्यात फिरतात ते खडे) भिंगाखाली तपासणं, मेनस्प्रिंगचं (चावीने भरणाऱ्या मुख्य स्प्रिंगचं) बॅरल म्हणजे डबी उघडणं, जागोजागी वेगळं तेल देणं, वेग जुळवणं आणि नंतर काही दिवस निरीक्षण, हे टप्पे यायला हवेत. मशीन न खोलता बुडवून काढलं तर जुनी घाण कॅप ज्वेलखाली (पिव्हटच्या टोकावर झाकणासारख्या बसणाऱ्या खड्याखाली) राहते, बॅरलमधलं ग्रीस विरघळून बाहेर येतं आणि ती सगळी मळी पिव्हटपाशी जमते. असं घड्याळ सुरुवातीला छान चालतं आणि नंतर आधीपेक्षा वेगाने झिजतं.

तिसरा प्रश्न साधा वाटतो, पण सर्वाधिक माहिती देतो: “किती प्रकारची तेलं वापरता?” बॅलन्स आणि एस्केप व्हील (बॅलन्सला टप्प्याटप्प्याने ताकद पोचवणारं दातेरी चाक) यांच्या पिव्हटना मोबियस ९०१०सारखं पातळ तेल लागतं. बॅरल आणि सेंटर व्हीलसारख्या हळू फिरणाऱ्या, जास्त दाबाच्या जागी एचपी १३००सारखं घट्ट तेल. पॅलेट फोर्कच्या (एस्केप व्हील आणि बॅलन्स यांना जोडणाऱ्या काट्याच्या) ज्वेलवर ९४१५सारखं खास वंगण आणि चावीच्या यंत्रणेला ग्रीस. ऑटोमॅटिकच्या बॅरलच्या भिंतीवर ब्रेकिंग ग्रीस लागतं, कारण तिथे मेनस्प्रिंग पूर्ण भरल्यावर ठरावीक जोराला घसरायला हवी. लवकर घसरली तर घड्याळ कमी तास चालतं. घसरलीच नाही तर ताकद गरजेपेक्षा जास्त होते आणि बॅलन्स हेलकाव्याच्या टोकाला आदळतो. चाकांच्या दात्यांना आणि पॅलेट फोर्कच्या पिव्हटना मात्र सहसा तेल देत नाहीत. म्हणजे चार-पाच वंगणं तरी हवीतच. “एकच चांगलं तेल सगळीकडे” हे उत्तर आलं की तिथेच थांबा.

प्रमाणपत्राबद्दलही विचारा. स्वित्झर्लंडची घड्याळजींना शिकवणारी संस्था वोस्टेप आणि १८५८ साली स्थापन झालेली ब्रिटिश हॉरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट यांचं प्रशिक्षण जगभर मानलं जातं. तरी कागद नसलेला उत्तम कारागीर असू शकतो, आणि त्याची परीक्षा टाइमग्राफर या घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर होते.

टाइमग्राफरचा आकडा कसा वाचायचा

हे यंत्र टिकटिक ऐकून तीन गोष्टी सांगतं: दिवसाला किती सेकंदांचा फरक, ॲम्प्लिट्यूड म्हणजे बॅलन्स किती अंश झुलतो, आणि बीट एरर म्हणजे दोन्ही बाजूंच्या झुलण्यातला मिलिसेकंदांचा फरक. गिऱ्हाईक पहिल्या आकड्यावर खूश होतं, खरी तब्येत दुसरा सांगतो. पूर्ण चावी देऊन तबकडी वर ठेवल्यावर साधारण २७० ते ३१० अंश ही निरोगी स्थिती. उभ्या स्थितीत आकडा काहीसा उतरतो, ते स्वाभाविक आहे. चोवीस तासांनंतरही तो २०० च्या खाली जाऊ नये. जुन्या, ताशी १८,००० ठोक्यांच्या मशीनला थोडी सूट द्यावी लागते.

इथे एक खाच आहे. ॲम्प्लिट्यूड बरोबर येण्यासाठी यंत्रात त्या मशीनचा लिफ्ट अँगल (पॅलेट फोर्क बॅलन्सला ढकलतो तेवढ्यात बॅलन्स फिरतो तो कोन) भरावा लागतो: २८२४-२ ला ५० अंश, ७एस२६ ला ५३, युनिटास ६४९७ ला ४४. बरीच यंत्रं सुरू होताना ५२ धरून चालतात. युनिटास तसंच लावलं तर प्रत्यक्षात २३० अंश झुलणारा बॅलन्स २७० च्या आसपास दिसतो आणि आजारी घड्याळ ठणठणीत ठरतं. म्हणून “लिफ्ट अँगल किती भरलाय?” हे बिनधास्त विचारा. ज्याला काम येतं त्याला हा प्रश्न आवडतो.

बीट एरर ०.५ मिलिसेकंदाच्या आत असेल तर उत्तम. ज्या जुन्या घड्याळांत हेअरस्प्रिंगचा स्टड (तिचं बाहेरचं टोक धरणारा भाग) सरकवता येत नाही, तिथे १ पर्यंत सोडून देणं शहाणपणाचं. तो उतरवायला बॅलन्स काढून कॉलेट (हेअरस्प्रिंगचं आतलं टोक धरणारं कडं) फिरवावं लागतं आणि त्यात हेअरस्प्रिंग वाकण्याचा धोका मिळणाऱ्या फायद्यापेक्षा मोठा असतो.

सुटे भाग, जुनी घड्याळं आणि पाणी

भाग कुठून येतात हे आधीच विचारा. अनेक कंपन्या अस्सल भाग फक्त स्वतःच्या किंवा मान्यताप्राप्त केंद्रांना देतात. स्वॉच समूहानेही २०१५ अखेरीस स्वतंत्र घाऊक विक्रेत्यांमार्फत होणारा पुरवठा थांबवला. त्यामुळे छोट्या वर्कशॉपकडे तुमच्या घड्याळाचा भाग नसेल तर त्यात त्याची चूक नाही. लपवलं तर आहे. गॅस्केट (पाणी रोखणारं कडं), काच, मेनस्प्रिंग दुसऱ्या चांगल्या उत्पादकाची चालते. एस्केपमेंटचे भाग (एस्केप व्हील, पॅलेट फोर्क) आणि काटे-तबकडी बदलण्याआधी तुमची संमती घेतली जाईल आणि काढलेले भाग परत मिळतील, हे लिहून घ्या.

जुन्या घड्याळाच्या बाबतीत तीन “नको” पावतीवर ठळक लिहायला लावा: केसला पॉलिश नको, तबकडी पुन्हा रंगवणं नको, चमकणारा रंग नव्याने भरणं नको. पॉलिशने कडा एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत. १९६० च्या दशकापर्यंत चमकणाऱ्या रंगात रेडियम वापरलं जाई आणि त्याची भुकटी श्वासात जाणं धोक्याचं आहे. अशी तबकडी दाखवल्यावर कारागीर सावध होतो का, ते पाहा.

पाण्यात वापरायचं घड्याळ असेल तर गॅस्केट बदलल्यावर हवेच्या दाबाची चाचणी झाली पाहिजे आणि किती बार दाबाला झाली तो आकडा लिखित मिळाला पाहिजे.

देताना आणि घेताना

देताना काच, केस, लग (पट्टा जोडायची टोकं) आणि झाकण यांचे जवळून फोटो काढा. पावतीवर अनुक्रमांक, सांगितलेली तक्रार, अंदाजे खर्च, किती खर्चापर्यंत न विचारता काम करायचं ती मर्यादा आणि हमीचा काळ असावा. “उद्या या” अशा वेगावर विश्वास ठेवू नका. तेल बसल्यावर वेगवेगळ्या स्थितींत तपासून पुन्हा जुळवायलाच काही दिवस जातात.

घेताना काचेखाली धूळ, काट्यांवर ओरखडे, झाकणाच्या खाचांवर नव्या खुणा आहेत का ते भिंगातून बघा. काटे पुढे फिरवून तारीख बाराच्या आसपास बदलते का, तास-मिनिट काटे बारावर एकत्र येतात का, ते तपासा. कामाआधीचे आणि नंतरचे टाइमग्राफरचे आकडे, निदान तीन स्थितींतले, मागून घ्या.

मग आठवडाभर हातात वापरा आणि रोजचा फरक टिपा. क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकतेचं प्रमाणपत्र मिळालेल्या घड्याळाचं, मानक दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांचं आहे. साध्या, धडधाकट आधुनिक मशीनने १० सेकंदांच्या आसपास राहावं, जुन्याने ३० च्या आत. फरक जास्त पण रोज सारखाच असेल तर फक्त जुळवणी बाकी आहे. रोज वेगळा येत असेल तर आत काहीतरी राहिलंय. दुसऱ्या कुणाकडून उघडवू नका, नाहीतर हमी जाईल. टिपलेले आकडे घेऊन त्याच वर्कशॉपकडे परत जा.