इंडिकेटरसोबत हेडलाइट लुकलुकणे: दोष अर्थिंगचा निघाला

माझ्या जुन्या, 12 व्होल्टच्या मोटारीचा डावा हेडलाइट मंद जळत असे आणि डावा इंडिकेटर लावताच त्याच्याबरोबर लुकलुकू लागे. बल्ब, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) आणि बॅटरी बदलूनही फरक पडला नाही. पुण्याचा अख्खा पावसाळा या मनस्तापात गेला.

दिवे बंद ठेवून केलेली जोडणीची तपासणी येथे फसवी ठरते, कारण गंजलेला सांधाही मीटरचा क्षीण प्रवाह सहज वाहून नेतो. म्हणून हेडलाइट चालू ठेवून, मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर लावून, एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे दिव्याच्या अर्थ वायरला (दिव्यातून परतणारा प्रवाह गाडीच्या पत्र्यात नेणारी वायर) टेकवले. उजवीकडे 0.1 व्होल्ट आले, डावीकडे 2.4. दुसरे टोक मडगार्डच्या उघड्या पत्र्यावर नेताच आकडा 0.1 वर उतरला, म्हणजे दोष वायरची लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा यांमध्येच होता; इंडिकेटरचा प्रवाहही तेथूनच परतत असल्याने हेडलाइट त्याच्याबरोबर लुकलुके.

प्रथम बॅटरीची ऋण वायर काढली. मग बोल्ट सोडवून, रंग व गंज पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, नाना पेठेतून आणलेली नवी लग दातेरी वॉशरसह घट्ट आवळली आणि त्यानंतरच वरून व्हॅसलीन लावले. आता तेथे 0.08 व्होल्ट येतात.