घरात 'प्रोजेक्टर' पोर असेल तर काय करायचं (आणि काय अजिबात नाही)

आमची लेक नऊ वर्षांची. पावणेदोनला शाळेची व्हॅन सोडते, ही घरात येते, दप्तर दारात टाकते आणि थेट डायनिंग टेबलाखाली आडवी. सोफा नाही, बेड नाही, टेबलाखालची गार फरशी. वीस मिनिटं हाक मारली तरी ओ नाही. आणि मग तिथूनच हळूच, "आई, आज्जी कोणावर चिडलीये?" बरं आज्जी काही बोललेली नसते, फक्त पोळ्यांच्या डब्याचं झाकण रोजच्यापेक्षा जरा जोरात लावलेलं असतं. नंतर कळतं की सकाळी आत्याशी फोनवर वाजलंय.

तर असं पोर. दिसतं सगळं, अंगात जोर मात्र नाही. मी दोन वर्षं "आळशी आहे" म्हणत काढली, मग एका मैत्रिणीने ह्युमन डिझाइनचा (जन्मवेळेवरून माणसाचा 'टाइप' सांगणारी एक पद्धत, प्रोजेक्टर हा त्यातला एक टाइप) चार्ट काढून दिला आणि म्हणाली, "अगं प्रोजेक्टर आहे ती!" त्यानंतर मी जे जे करून बघितलं ते लिहितेय. मी काही सर्टिफाइड कोच वगैरे नाही, नुसती आई आहे.

सगळ्यात आधी डॉक्टर, चार्ट नंतर. हे मी उलटं केलं म्हणून सांगतेय. चार्ट बघून मी महिनाभर "तिची एनर्जीच तशी" म्हणत बसले आणि मग तापाच्या निमित्ताने ब्लड टेस्ट झाली तर हिमोग्लोबिन १०.४. या वयाला ११.५ च्या खाली गेलं की डब्ल्यूएचओच्या हिशोबाने अ‍ॅनिमिया. डॉक्टरांनी आयर्नचं सिरप दिलं, जेवणाच्या आसपासचा चहा बंद करायला सांगितला (आज्जीच्या बशीतला घोट घोट चहा, तो आम्ही धरतच नव्हतो!) आणि तीन महिन्यांत पोरगी जिना पळत चढायला लागली. म्हणजे अर्धा प्रोजेक्टर तिथेच गळून पडला. उरलेल्या अर्ध्यासाठी पुढचं वाचा. पण थायरॉइड, व्हिटॅमिन डी, झोपेत घोरणं, टॉन्सिल्स हे एकदा डॉक्टरांशी बोलून घ्या, आणि चांगलं खेळकर पोर अचानक गळून गेलं असेल तर चार्टच्या नादाला लागूच नका, सरळ दवाखाना.

आता हे आहे काय ते थोडक्यात. कॅनडात जन्मलेला अ‍ॅलन क्रॅकोवर नावाचा माणूस, १९८७ च्या जानेवारीत स्पेनच्या इबिझा बेटावर त्याला म्हणे आठ दिवस एक आवाज ऐकू येत होता आणि त्या आवाजाने ही सगळी सिस्टिम सांगितली. पुढे तो रा उरु हू या नावाने शिकवायला लागला, २०११ मध्ये वारला. त्यात पाश्चात्त्य ज्योतिष आहे, ई चिंग या जुन्या चिनी शकुनग्रंथाचे ६४ भाग आहेत, ज्यूंची कबाला नावाची गूढविद्या आहे आणि आपली चक्रं पण आहेत, फक्त सातची नऊ केलीयेत. विज्ञानाचा पुरावा काही नाही, हे स्वच्छ डोक्यात ठेवायचं.

चार्ट काढायला जन्मतारीख, वेळ आणि गाव लागतं, फुकट निघतो. आपल्याकडे पत्रिकेसाठी वेळ लिहिलेलीच असते, पण हॉस्पिटलच्या कार्डाशी एकदा ताडून बघा, आमच्याकडे दोन्हीत पाच मिनिटांचा फरक निघाला. आणि आज्जी-आजोबा "रास जुळते का" विचारणारच, तर नाही जुळत बहुतेक वेळा, कारण ह्युमन डिझाइन सायन राशी धरतं आणि आपली पत्रिका निरयन, दोन्हीत साधारण २४ अंशांचा फरक. चार्टवर खालून दुसरा चौकोन म्हणजे सेक्रल. तो पांढरा असेल तर यांच्या मते दिवसभर पुरणारं इंजिन त्या माणसात नाही. प्रोजेक्टरचा तो चौकोन पांढराच असतो (एवढ्यावरून टाइप ठरत नाही, बाकीची भानगड वेगळी, पण चार्टच्या बाजूला टाइप लिहून येतो). यांच्या म्हणण्याप्रमाणे लोकांमध्ये पाचातला एक प्रोजेक्टर.

एक टेस्ट मात्र नक्की करा. सगळ्या टाइपची वर्णनं प्रिंट काढा, नावं झाका आणि नवऱ्याला विचारा यातलं आपलं पोर कुठलं. माझ्या नवऱ्याने तीन निवडली, तिन्ही "हुबेहूब"! १९४८ मध्ये फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने ३९ विद्यार्थ्यांना "तुझं स्वभावचित्र" म्हणून एकच मजकूर वाटला होता, पोरांनी पाचपैकी सरासरी ४.२६ मार्क दिले. तेच आपलंही होतं. मग तरी मी हे का वापरते? कारण त्यातले दोन-तीन सल्ले पोराच्या टाइपचे नाहीतच, आईला गप्प बसवणारे आहेत, आणि मला त्याची गरज होती.

पहिला म्हणजे आमंत्रण. प्रोजेक्टरला ढकलायचं नाही, बोलवायचं. विहीणबाईंना कसं, अक्षता देऊन बोलावल्याशिवाय त्या पाऊल उचलत नाहीत, तसं समजा. "चल, बस अभ्यासाला" याच्या ऐवजी मी एकदा म्हटलं, "हे किराणाच्या बिलाचं गणित मला चुकतंय वाटतं, बघतेस का?" ती टेबलाखालून बाहेर आली, चष्मा सारखा केला आणि दोन मिनिटांत म्हणाली, "आई, तू तूरडाळ दोनदा धरलीस." मग त्याच पेन्सिलीने तिचं होमवर्क पण झालं. रोज जमतं का? नाही. आठवड्यातून तीनदा जमलं तरी माझा घसा वाचतो. पण खोटं विचारायचं नाही हां, या पोरांना लगेच कळतं आणि मग आठवडाभर विश्वास बसत नाही.

दुसरं, दमायच्या आधी आडवं व्हायचं, दमल्यावर नाही. हे मला खरंच पटलं. गणपतीत आमच्याकडे पाच दिवस माणसं, आणि ही पहिल्या दिवशी सगळ्यांच्यात नाचते, दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळेला रडरड. आता आरतीच्या अर्धा तास आधी तिला गॅलरीत चटई टाकून देते, कोणी जायचं नाही तिथे. आत्याबाई म्हणतात फाजील लाड, म्हणू देत. रात्रीचं पण तसंच, सहाला उठायचं तर नऊला झोप लागलेली पाहिजे, या वयाला ९ ते १२ तास झोप लागते, म्हणून सव्वाआठला दिवा मंद, हातात गोष्टीचं पुस्तक. यांचं एक म्हणणं आहे की प्रोजेक्टरने वेगळ्या खोलीत एकट्याने झोपावं, ऑरा (अंगाभोवतीचं तेजोवलय) साफ होतो म्हणे. दोन खोल्यांत पाच माणसं राहतो आम्ही, ऑरा आज्जीच्या गोधडीत जेवढा साफ होईल तेवढा.

तिसरं जरा अवघड. या मुलांना दिसतं आणि ती बोलून टाकतात. सगळ्यांसमोर काकाला म्हणाली, "तुला ऑफिसला जायला आवडत नाही ना?" एकदम शांतता, काकाचा मोदक हातातच! चूक नव्हती ती, पण कोणी विचारलं नव्हतं. मी रागावले नाही, आम्ही एक ठरवलंय की असं काही दिसलं की आधी स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात सांगायचं. आणि मग मी खरंच ऐकायचं, भाजी ढवळत "हं हं" नाही, गॅस बारीक करून. नाही ऐकलं तर पोर कडवट होतं, "मला कोण विचारतंय" हे वाक्य वारंवार यायला लागलं की समजायचं की आपण आठवडाभर नुसते हुकूम सोडलेत.

क्लास एकच ठेवा. आमचे तीन होते, आता फक्त चित्रकला. पण खेळ बंद करू नका! बऱ्याच ठिकाणी लिहितात की प्रोजेक्टरला व्यायाम झेपत नाही, ते मला साफ अमान्य आहे, मुलांना दिवसाला सरासरी तासभर हालचाल लागतेच. टीमचे आरडाओरड्याचे खेळ नको असतील तर सायकल, पोहणं, सोसायटीत पकडापकडी, तुकड्यातुकड्यात.

आणि शेवटचं, पण यावर मी स्वतः आपटलेय. पोरासमोर टाइपचं नाव काढायचं नाही. मी फोनवर बहिणीला म्हणत होते, "अगं ती प्रोजेक्टर आहे, तिला नाही झेपत." पुढच्या रविवारी कपड्यांचा ढीग समोर, आणि ही पाय पसरून, "आई, मी प्रोजेक्टर आहे ना, मला घड्या नाही झेपत." नवरा हसून हसून लाल. त्या दिवसापासून तो शब्द घरात बंद, घड्या मात्र चालू, आठ कपडे तिचे, बाकीचे बाबाचे.

टेबलाखाली मी आता एक जुनी सतरंजी कायमची टाकून ठेवलीये. आज्जी म्हणते, डिझाइनबिझाइन ठीक आहे गं, पण लादी पुसताना ती रोज उचलायची कोणी?