जेडाय फॉलन ऑर्डर: लाइटसेबर मिळाला म्हणून बटणं बडवत सुटू नका

'स्टार वॉर्स जेडाय: फॉलन ऑर्डर' हा व्हिडिओ गेम २०१९च्या नोव्हेंबरात आला. आता तो दर सेलमध्ये स्वस्तात मिळतो आणि प्रत्येक सेलनंतर मला तेच मेसेज येतात. 'ब्लॉक लागतच नाही.' 'गेम बोगस आहे.' 'तो बेडूक मरत नाही, काहीतरी चीट सांग.' चीट नाही. गेमही बोगस नाही. चुका मात्र सगळ्यांच्या त्याच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

मूळ घोळ असा की, सिनेमे पाहून आलेल्या माणसाला वाटतं, लाइटसेबर (जेडायची प्रकाशाची तलवार) हातात आली म्हणजे समोर येईल ते कापायचं. ब्राक्का ग्रहावरच्या सुरुवातीच्या भागात साधे स्टॉर्मट्रूपर, म्हणजे शत्रूचे शिपाई, एकदोन फटक्यांत आडवे होतात आणि हा गैरसमज पक्का होतो. पुढे झेफो ग्रहावर पोचलं की तोच माणूस कंट्रोलर आपटतो.

ब्लॉकचं बटण दाबून धरून ठेवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे हिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

प्लेस्टेशनवर एल-वन, एक्सबॉक्सवर एलबी. ते दाबून धरलं की कॅल, म्हणजे आपण खेळतो तो नायक, सेबर आडवा धरतो, हे बरोबर. पण प्रत्येक वाराला तुमची पांढरी पट्टी कमी होते. ती संपली की तुमचा बचाव फुटतो आणि पुढचे वार थेट अंगावर. नवशिक्या माणूस घाबरून बटण आणखी घट्ट धरतो. त्याने काहीही होत नाही.

खरा खेळ पॅरीचा आहे. वार अंगावर पोचायच्या क्षणी तेच बटण नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबायचं. क्रिकेट खेळलेल्यांना हे लवकर जमतं: बॅट आधीच पुढे नेऊन ठेवली की कड लागते, चेंडू येईल तेव्हाच ती यायला हवी. पॅरी बरोबर बसली की शत्रूची पांढरी पट्टी भसकन खाली येते. हो, त्यालाही पट्टी असते, बहुतेक लोक ती बघतच नाहीत. ती संपली की तो उघडा पडतो, तेव्हा काय मारायचं ते मारा. गोळ्यांचंही तसंच. वेळ साधली तर ब्लास्टरची गोळी ज्याने मारली त्यालाच परत जाते.

माझी सवय सांगतो. दंडुका घेऊन फिरणारा एखादा स्काउट ट्रूपर एकटा सापडला की हल्ल्याच्या बटणावरचं बोट उचलून ठेवायचं. नुसता उभा राहतो, त्याला मारू देतो, पॅरी करतो. हेल्थ गेली तर गेली. बोटाला वेळ कळेपर्यंत पुढे जायचं नाही. कंटाळवाणं आहे, पण 'टॉप टेन टिप्स'चे व्हिडिओ बघत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

शत्रू लाल चमकला तर ब्लॉक आणि पॅरी दोन्ही विसरा, बाजूला व्हा. इथेही घाई नडते. डॉज (बाजूला होण्याचं बटण) एकदा दाबला की कॅल जवळच राहतो आणि लगेच उलटा वार करता येतो. घाबरून दोनदा दाबला की तो लांब कोलांटी मारतो आणि हातातली संधी गेली.

डिफिकल्टीचा माज

चार पातळ्या आहेत: स्टोरी, जेडाय नाइट, जेडाय मास्टर, ग्रँड मास्टर. फरक असतो तो पॅरीला किती वेळ मिळतो, मार किती लागतो आणि शत्रू किती अंगावर येतात यात. मेनूमधून कधीही बदलता येते. पहिल्याच खेपेला ग्रँड मास्टर लावणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. बाकीच्यांनी जेडाय नाइटवर सुरू करा. स्टोरी मोड गोष्ट बघायला उत्तम आहे, फक्त त्यात पॅरी शिकाल ही अपेक्षा ठेवू नका.

बोगानोचा बेडूक

बोगानो ग्रहावर जमिनीत एक भोक आहे. कुतूहलाने प्रत्येक जण त्यात जातो आणि खाली ऑग्डो बॉग्डो नावाचं अजस्र बेडकासारखं जनावर बसलेलं असतं. गेम नुकता सुरू झालेला असतो, हातात हेल्थ भरणारे मोजके स्टिम, आणि फोर्सच्या (जेडायच्या अदृश्य शक्तीच्या) नावाने शत्रूला मंदावणं एवढंच येत असतं.

माझा भाचा दिवाळीच्या सुट्टीत या बेडकापायी जेवायला उठेना. पद्धत ठरलेली: मेडिटेशनच्या जागेपासून (मेल्यावर खेळ तिथूनच पुन्हा सुरू होतो) पळत यायचं, भोकात उडी, सरळ त्याच्या तोंडासमोर, सपासप वार. बेडूक लाल चमकायचा, जीभ बाहेर, कॅल तोंडात. परत पहिल्यापासून.

"मामा, हा चीटिंग करतो."

"तू तोंडासमोर जाऊन उभा राहिलास तर तो काय ओवाळणार आहे का तुला?"

ताई स्वयंपाकघरातून ओरडत होती ते वेगळंच. मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. वरून उडी टाकतानाच हवेत हल्ल्याचं बटण दाब, सेबर खाली येताना बेडकाच्या हेल्थचा चांगला लचका तोडतो. मग स्लो लाव, एक किंवा दोन वार कर आणि मागे हो. तिसरा वार करायला हात शिवशिवला की समज आता जीभ येणार. आणि तिसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊकच नसते: ज्याने तुम्हाला मारलं तो सोनेरी चमकत असतो, त्याला परत जाऊन एक फटका बसला तरी मरताना गेलेले अनुभवाचे पॉइंट्स परत मिळतात, वर हेल्थ आणि फोर्सही भरते. त्याला ठार करायची गरज नाही. म्हणजे पहिला फटका नीट बसणं हीच निम्मी लढाई. शिवाय जातात ते फक्त अर्धवट साठलेले पॉइंट्स. पूर्ण मिळालेला स्किल पॉइंट (ज्याने नवीन डावपेच शिकता येतात) जात नाही, त्यामुळे मेल्यावर रडारड नको.

चौथा सल्ला होता, 'सोडून दे.' गोष्ट पुढे न्यायला हा बेडूक मारावा लागतच नाही. भाचा ऐकणाऱ्यातला नव्हता. शेवटी ताईने टीव्हीचा स्विच बंद केला तेव्हा उठला. पुढे झेफोवर जाऊन फोर्स पुश मिळवून आला आणि बेडकाला आरामात लोळवलं, वर मलाच शिकवायला लागला. बनवणाऱ्यांनाही ही सगळी गंमत माहीत असावी, कारण २०२३च्या पुढच्या भागात, 'सर्व्हायव्हर'मध्ये, त्यांनी हा बेडूक आणि त्याचं पिल्लू अशी दोन्ही एकाच लढाईत अंगावर सोडली आहेत.

बाकीचं थोडक्यात

मेडिटेशनला बसलं की 'रेस्ट' दाबायलाच हवं असं नाही. रेस्ट घेतली की हेल्थ आणि स्टिम भरतात, पण मारलेले शत्रूही परत उभे राहतात. स्किल पॉइंट खर्च करायला नुसतं बसा आणि उठा.

फोर्स साठवून ठेवू नका. वार लागले की ती पुन्हा भरते. कंजूषपणा करून ती तशीच ठेवून मरणारे लोक मला समजत नाहीत.

मारलेल्या शत्रूवर बीडी-१ला (कॅलच्या सोबतचा छोटा रोबो) स्कॅन करू द्या. त्या शत्रूशी कसं लढायचं ते मेनूत लिहून येतं. फुकटची माहिती आहे, वाचत मात्र कोणी नाही.

यूट्यूबवर बघून बोगानोनंतर थेट डॅथोमिर ग्रहावर पळणारे पुष्कळ आहेत, कारण दोन पात्यांचा सेबर तिथे लवकर मिळतो. घ्या, हरकत नाही. पण तिथले नाइटब्रदर्स नावाचे योद्धे नवख्याला सोलून काढतात. आणि दोन पाती गर्दीत छान, बॉससमोर एका पात्याचा वार जास्त जड पडतो. सेबर घेतला की मुकाट्याने झेफोला या.

नकाशाला शिव्या घालण्याआधी रंग बघा. लाल म्हणजे अजून जाता येत नाही, हिरवा म्हणजे आता जाता येईल, पिवळा म्हणजे अजून गेलाच नाहीत. लाल दारासमोर अर्धा तास उड्या मारणारे मी पाहिले आहेत. या गेममध्ये फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून झटक्यात दुसरीकडे पोचणं) नाही, मँटिस या आपल्या यानापर्यंत पायीच परत यायचं आहे, म्हणून वाटेतला प्रत्येक दोर आणि लिफ्ट उघडून ठेवा. पुढच्या भागात फास्ट ट्रॅव्हल दिला, तो उगाच नाही.

बर्फाच्या घसरगुंडीवर स्टिक पूर्ण वळवू नका, हलकेच ढकला. खाली पडलात तर थोडी हेल्थ जाते आणि कडेवर परत येता, एवढंच.

पीसीवर पळताना चित्र अडकत असेल तर आधी गेम हार्डडिस्कवरून एसएसडीवर हलवा, ग्राफिक्स कमी करणं नंतर. कीबोर्डवर पॅरी होते, पण बोटांचे हाल होतात, कंट्रोलर घ्या. प्लेस्टेशनचा कंट्रोलर स्टीमवर (पीसीवरचं गेमचं ऑनलाइन दुकान) ओळखला जात नसेल तर कंट्रोलर सेटिंगमध्ये स्टीम इनपुट चालू करून गेम पुन्हा उघडा. त्यानंतरही चालत नसेल तर मला मेसेज करा. बेडकाबद्दल मात्र नको.