बंद स्वेटर समोरून उघडायचा कसा: जुन्या पुलओव्हरचं घरच्या घरी कार्डिगन

डोक्यातून घालायचा तयार स्वेटर मधोमध कापून बटणांचं कार्डिगन करणं हा विणलेल्या कपड्यातला सगळ्यात सोपा बदल. तरी कात्री हातात घेतली की बहुतेकांचा धीर सुटतो. एक टाका तुटला की सगळा स्वेटर उसवत जाणार, अशी धास्ती असते. ती आडव्या कापाबाबत खरी आहे, उभ्या कापाबाबत फारशी नाही.

विणीत टाक्यांच्या उभ्या रांगा असतात. प्रत्येक टाका वरच्या आणि खालच्या टाक्यात अडकलेला असतो. उभा काप दिला की प्रत्येक ओळीचा धागा त्या जागी तुटतो, काठावर छोटी छोटी टोकं सुटतात, पण रांगेतले टाके एकमेकांना धरून राहतात. आडवा काप दिला तर टाक्यांची अख्खी ओळ मोकळी होते आणि एकेक टाका शिडीसारखा सुटत जातो. म्हणून सुरुवात उभ्या कापापासून करावी. बाह्या आखूड करणं, उंची कमी करणं ही आडवी कामं नंतरची.

कोणता स्वेटर घ्यावा

साध्या सुलट विणीचा, मध्यम जाडीचा, समोर मध्यभागी नक्षी किंवा चित्र नसलेला. लोकरीचा धागा खरखरीत असतो, त्यामुळे टाके एकमेकांना चिकटून राहतात. सुती, व्हिस्कोस आणि गुळगुळीत अ‍ॅक्रिलिक धागा लवकर निसटतो, तिथे टीप जास्त काळजीने घालावी लागते. जाळीदार वीण आणि मधोमध जाड पीळ असलेले स्वेटर पहिल्या वेळी नकोतच.

माप आधी तपासा. कापलेला काठ दोन्ही बाजूंनी 1 सेंमी आत दुमडून त्याला आतून रिबीन लावायची आहे, म्हणजे 2 सेंमी गेले. बटणं लावताना एक बाजू दुसरीवर 2.5 सेंमी चढेल. एकूण घेर 4.5 सेंमीने कमी होतो. स्वेटर आत्ताच अंगाला घट्ट बसत असेल तर रिबिनीची ही पद्धत वापरू नका. त्याऐवजी वेगळ्या रिबची (गळ्याला, मनगटाला असते तशा ताणणाऱ्या उभ्या रेघांच्या विणीची) किंवा हाताने विणलेली 3 सेंमी रुंद पट्टी दोन्ही काठांना बाहेरून जोडा. त्यात पट्ट्याच एकमेकींवर चढतात, म्हणून घेर कमी न होता उलट साधारण 1 सेंमीने वाढतो.

लेबल नसेल तर आतल्या शिवणीतून धाग्याचा छोटा तुकडा काढून चिमट्यात धरून जाळून बघा, खाली पाण्याची वाटी ठेवून. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती विझते आणि काळी राख बोटाने चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि गार झाल्यावर कडक मणी उरतो. सूत कागदासारखं जळतं. हे कळायला हवं, कारण पुढे इस्त्रीचा प्रश्न येणार आहे.

सामान

- मशीनची गोल टोकाची (बॉलपॉइंट) सुई: बारीक विणीला 75/11, जाड विणीला 90/14. साध्या सुईचं अणकुचीदार टोक धागाच भोसकतं. त्या वेळी काही दिसत नाही, पण दोन-चार धुण्यांनंतर टिपेच्या कडेने भोकं पडतात.
- पॉलिस्टर दोरा. सुती दोरा ताण आला की तुटतो.
- 2.5 सेंमी रुंद, आडव्या रेघांची घट्ट विणीची रिबीन, सव्वा मीटर. आधी गरम पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. न धुतलेली सुती रिबीन शिवल्यावर आटते आणि स्वेटरचा समोरचा काठ चुण्या पडून वर चढतो.
- 18 मिमीची 7 बटणं, आतून लावायला लहान चपटी आणखी 7 बटणं.
- उठून दिसणाऱ्या रंगाचा कच्चा दोरा, टाचण्या, लहान धारदार कात्री, पातळ कागदाच्या पट्ट्या, एक पुठ्ठा.

स्वेटर पुढे जसा धुणार आहात तसाच आधी एकदा धुऊन सपाट पसरून वाळवा. आटायचा असेल तर कापण्याआधी आटू दे.

मध्य शोधणं

स्वेटर दोन्ही बाजूंच्या शिवणी जुळवून दुमडायचा आणि घडीवर खूण करायची, हा मोह टाळा. तयार कपड्यात बाजूच्या शिवणी पुष्कळदा पुढे-मागे सरकलेल्या असतात. त्याऐवजी टेपने गळ्यापाशी, छातीवर आणि खालच्या रिबवर असा तीन ठिकाणी मध्य काढून टाचण्या लावा. मग गळ्याच्या टाचणीजवळची टाक्यांची एक उभी रांग पकडा आणि ती नजरेने खाली आणा.

ती खालच्या टाचणीपासून 1 सेंमीच्या आत उतरली तर रांगेबरोबरच जा, टेपचं ऐकू नका. अडीच-तीन सेंमी बाजूला जात असेल तर कापड मुळातच पिळलेलं आहे. असा स्वेटर रांगेवर कापला तर पुढे तिरका दिसतो, टेपच्या रेषेवर कापला तर काप रांगा ओलांडत जातो आणि टाके सुटतात. तो या कामातून बादच करावा.

रांग नक्की झाली की जाड सुईत कच्चा दोरा ओवून त्या रांगेतून धावदोरा घाला. दर चार-पाच ओळींनी टाक्यांमधल्या आडव्या धाग्याखालून सुई काढा. खडू विणीवर टिकत नाही आणि खूण करताना रांग बदलली तरी समजत नाही. कच्चा दोरा चुकला तर लगेच दिसतो.

आता स्वेटर ओढाताण न करता सपाट ठेवून गळ्यापासून खालपर्यंत लांबी मोजा आणि लिहून ठेवा. पुढच्या उदाहरणात ती 52 सेंमी धरली आहे. पुढचं सगळं काम या आकड्यावर उभं आहे.

कापण्याआधी टीप

झिगझॅग रुंदी 2 मिमी, टाक्याची लांबी 1.5 ते 2 मिमी. मशीनच्या पायाचा दाब कमी करता येत असेल तर करा. पुढचा भाग तेवढाच पायाखाली घ्या आणि मागचा भाग त्यात अडकलेला नाही ना, हे दर वेळी हात घालून बघा. विणीखाली कागदाची पट्टी धरा.

कच्च्या दोऱ्यापासून 3 मिमीवर पहिली टीप, 6 मिमीवर दुसरी. दुसऱ्या बाजूलाही तसंच. चारही टिपा खालून वर, एकाच दिशेने घाला. एक खालून आणि एक वरून घातली तर दोन काठ विरुद्ध दिशांना सरकतात आणि शेवटी खालची कडा वर-खाली दिसते. गळ्याच्या आणि खालच्या जाड रिबवर चाक हाताने फिरवा. हातांनी कापडाला फक्त दिशा दाखवायची, ओढायचं नाही.

कागद फाडून काढा आणि लांबी पुन्हा मोजा. 52 चे 53 झाले असतील तर चालेल. 55 झाले असतील तर काठ लाटांसारखा झालाय. याची कारणं तीनच: पायाचा दाब जास्त, टाके फार दाट, किंवा हाताने ओढलं गेलं. दाट टाक्यांचं बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जास्त टाके म्हणजे जास्त मजबुती असं वाटतं, पण प्रत्येक टाका विणीत जागा करून घेतो आणि काठ तितका लांबतो. उसवा, टाक्याची लांबी वाढवा, परत घाला. कात्री लागलेली नाही तोवर सगळं दुरुस्त होतं.

काप

स्वेटरच्या आत, पुढच्या आणि मागच्या भागामध्ये पुठ्ठा सरकवा. मागचा भाग कापला जाण्याचा अपघात याच पायरीवर होतो. कच्च्या दोऱ्यावरून, दोन्ही बाजूंच्या टिपांच्या मधोमध, लहान लहान काप देत वर जा. काठावर धाग्यांचे बारीक तुकडे सुटतील, ते ओढू नका. टिपेबाहेर फार लांब आलेले तेवढे कापा. साधी वीण असेल तर काप दिल्याबरोबर दोन्ही काठ आतल्या बाजूला वळतील. हा सुलट विणीचा स्वभाव आहे आणि इथे तो आपल्या कामाचा ठरतो, कारण काठ आतच दुमडायचा आहे.

गळा व्ही आकाराचा असेल तर टोकाशी रिबचे दोन थर एकमेकांवर शिवलेले असतात. तेवढी 2 सेंमी शिवण कापण्याआधीच उसवून घ्या.

रिबीन

रिबिनीचे दोन तुकडे करा, प्रत्येक 54 सेंमी: 52 लांबीचे आणि दोन्ही टोकांना 1-1 सेंमी माया (दुमडायला ठेवलेला जादा भाग). माप लिहून ठेवलेल्या आकड्यावरून घ्यायचं, कापलेल्या काठावर रिबीन धरून नाही, कारण तो काठ हातात लांबत राहतो. रिबीन लांब कापली तर पुढचा भाग खाली लोंबतो, आखूड कापली तर वर उचलला जातो.

काठ 1 सेंमी आत दुमडा, दोन्ही टिपा घडीत गेल्या पाहिजेत. रिबिनीची टोकं दुमडून ती आतल्या बाजूने, घडीपासून 2 मिमी मागे ठेवा. आधी वरचं टोक, मग खालचं, मग मध्य, मग त्यांच्या मधल्या जागा अशा टाचण्या लावा. वीण थोडी जास्त वाटली तर टाचण्यांच्या मध्ये सारखी वाटून द्या.

दोन्ही कडा हातानेच तुरपा. मशीनने होतं, पण बाहेरून टीप दिसते आणि वीण पुन्हा ताणली जाते. सुई टाक्याच्या फक्त अर्ध्या धाग्यात अडकवा, म्हणजे बाहेर काही दिसणार नाही. दर चार बोटांवर एक टाका जागच्या जागी पक्का करा, एके ठिकाणी दोरा तुटला तरी सगळं निघत नाही.

काजं आणि बटणं

पहिलं बटण गळ्यापासून 1.5 सेंमी खाली, शेवटचं खालच्या काठापासून 1.5 सेंमी वर. उरले 49 सेंमी. 7 बटणांमध्ये 6 अंतरं, म्हणून हिशोब सोपा आहे: 49 ला 6 ने भागा, साधारण 8.2 सेंमी येतं. छातीच्या सगळ्यात रुंद जागी एक बटण यायलाच हवं, नाहीतर तिथे फट पडते. त्यासाठी सगळी रांग अर्धा सेंमी वर-खाली केली तरी चालेल.

काज उभंच करा. एवढ्या अरुंद पट्टीत आडवं काज काठाच्या फार जवळ येतं. लांबी म्हणजे बटणाचा व्यास अधिक जाडी: 18 आणि 3 मिळून 21 मिमी. आधी उरलेल्या रिबिनीवर विणीचा तुकडा ठेवून एक काज करून बघा. विणीवर वरूनही पातळ कागद ठेवला तर मशीनचा पाय टाक्यांत अडकत नाही.

काजं नीट जमत नसतील तर सरळ टिचबटणं लावा आणि वर शोभेची बटणं शिवा. बाहेरून फरक कळत नाही आणि एक बिघडलेलं काज अख्खा स्वेटर बिघडवतं, त्यापेक्षा हे बरं. बटण कोणतंही असो, आतून लहान चपटं बटण धरून दोन्ही एकत्र शिवा, म्हणजे ताण विणीवर न येता त्या बटणावर येतो.

वाफ

लोकर असेल तर वाफेची इस्त्री काठापासून 1-2 सेंमी वर धरून वाफ द्या, हाताने थोपटून सरळ करा आणि पूर्ण गार होईपर्यंत हलवू नका. इस्त्री टेकवायची नाही. अ‍ॅक्रिलिकला वाफ देऊच नका: उष्णतेने त्याची लवचीकता जाते, रिब सैल पडते आणि ती परत येत नाही. ते ओलं करून सपाट पसरायचं, बस.

बाह्या आखूड करायच्या असतील

मनगटाच्या रिबच्या वर 1.5 सेंमी माया ठेवा, तिथे आधी झिगझॅग टीप घाला आणि मग रिब कापून बाजूला ठेवा. बाहीच्या नव्या मापावर, कापाच्या रेषेच्या 1 सेंमी वर गोल झिगझॅग टीप घाला आणि मगच कापा. हा काप आडवा आहे, इथे टीप आधी नसेल तर टाके खरोखर सुटतात. 

बाहीचा घेर 26 सेंमी आणि रिबचा न ताणता 20 असेल तर दोन्हींचे चार सारखे भाग करून खुणा जुळवा आणि रिब ताणून जोडा. रिब बाहीच्या तीन चतुर्थांशापेक्षा फारच लहान असेल तर चुण्या पडतात. तेव्हा आधी बाहीची शिवण मनगटाकडे आत घेऊन घेर कमी करावा.

आटून जाड झालेली लोकर

चुकून गरम पाण्यात धुतल्याने आटून नमद्यासारखा झालेला लोकरीचा स्वेटर टाकू नका. त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, तो कोणत्याही दिशेला कापला तरी उसवत नाही आणि काठ न दुमडता तसाच ठेवता येतो. बाह्या मुंढ्याच्या शिवणीला लागून काढल्या आणि पुढे वरीलप्रमाणे उघडला की बिनबाह्यांचं जाकीट तयार होतं. फक्त आटलेला स्वेटर उंचीला जास्त आणि रुंदीला कमी आटलेला असतो, तेव्हा कापण्याआधी घालून बघा.