तिसऱ्या सत्रानंतर कॉलेज बदललं: दाखल्याचा घोळ असा सुटला

बी.कॉम. दुसरं वर्ष, विद्यापीठ तेच, गाव बदललं. जुनं कॉलेज म्हणे आधी प्रवेशाचं पत्र आणा. नवं म्हणे आधी कॉलेज सोडल्याचा दाखला. पंधरा दिवस नुसते हेलपाटे. अर्ज, विनवण्या, सगळं वाया.

मग नव्या कॉलेजात प्रवेश मागितलाच नाही. 'जागा शिल्लक, विषय जुळतात, हरकत नाही' एवढंच पत्र घेतलं, शिक्का आणि जावक क्रमांकासह. ते जोडून जुन्या कॉलेजची ना-हरकत मिळवली. दोन्ही पत्रं विद्यापीठाच्या पात्रता विभागात दिली. मंजुरी हाती आल्यावरच दाखला काढला. आधी काढला असता तर ना घरचा ना घाटचा! अंतर्गत गुणांचं पत्र जुन्या कॉलेजकडे दाखल्यासोबतच मागा. मी विसरलो, पुन्हा एसटीने गेलो. पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, तोच राहिला.